हाताने केलेल्या वस्तूंचे ऑनलाइन दुकान: उघडण्याआधीची तयारी

सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या लोकरीच्या तोरणाचा फोटो पडतो, चारचौघी "कितीला?" म्हणून विचारतात, दिवाळीआधी दहाबारा तोरणे हातोहात जातात, आणि मग घरातले कुणीतरी म्हणतेच, "अगं, ऑनलाइन टाक ना!" यानंतर बहुतेक जण पहिली चौकशी करतात ती वेबसाइट कोण स्वस्तात करून देईल याची. माझ्या मते ही चौकशी सगळ्यात शेवटी करायची. वेबसाइट दोन-चार दिवसांत उभी राहते. तिच्यामागची तयारी व्हायला दोन-तीन महिने जातात, आणि ती नसेल तर पहिल्या वीस ऑर्डरींतच दमछाक होते.

त्या दोन-तीन महिन्यांत काय काय उरकायचे ते इथे क्रमाने लिहिले आहे, ठाणे आणि नवी मुंबईत घरी वस्तू करून विकणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मागणी वाढली की कारखानदार मशीन वाढवतो. हाताने करणाऱ्याकडे वाढवायला काही नसते, त्याचे तास ठरलेले असतात. त्यामुळे किंमत काय लावायची, मुदत किती द्यायची, किती प्रकार ठेवायचे, या सगळ्याचा हिशेब आठवड्यातल्या तासांपासून सुरू करायचा.

पायरी १: थोड्याच वस्तू निवडा आणि घड्याळ लावा

येते ते सगळे मांडू नका. क्रोशा, क्विलिंग (कागदी पट्ट्यांची नक्षी), केक, मेंदी असे एका पानावर दिसले की पाहणाऱ्याला कळत नाही की तुमचा हात नक्की कशावर बसला आहे. एकाच घराण्यातल्या सात-आठ वस्तू पुरेत: खणाची पर्स, त्याच खणाचा मोबाइल पाऊच, चष्म्याचे कव्हर, डायरी.

निवडलेली वस्तू पाच वेळा करून पाहा. मोबाइलचे स्टॉपवॉच लावून कापड बेतण्यापासून शेवटची इस्त्री होईपर्यंतचा वेळ मोजा; दोरा तुटला, बॉबिन भरली, तोही त्यातच धरा. पहिल्या पर्सला अडीच तास लागले आणि पाचवीला दीड, असे साधारण होते. शेवटच्या तिघींची सरासरी खरी मानायची. पाचही पर्सेस ओळीने ठेवून बघा: माप सारखे आहे का, चेन सगळ्यांची सरळ बसली आहे का. ऑनलाइन ग्राहक फोटोतली पर्स विकत घेतो, तुमच्या मनातली नव्हे. त्यामुळे तीच वस्तू पुन्हा तशीच करता येणे ही पहिली परीक्षा.

आता हिशेब. नोकरी, लोकलचा प्रवास, घर सांभाळून आठवड्याला बारा तास मिळतात असे धरू. त्यातले चार तास फोटो, उत्तरे, पॅकिंग, कुरिअर यांत जातातच. उरले आठ. दीड तासाला एक या हिशेबाने आठवड्याला पाच पर्सेस, महिन्याला वीस. ही तुमच्या दुकानाची क्षमता. एखाद्या रीलमुळे एका रात्रीत साठ ऑर्डरी आल्या तर त्या तीन महिन्यांचे काम आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. म्हणून दुकान उघडताना निदान महिन्याभराचा माल तयार हवा.

एकुलत्या एक वस्तू, म्हणजे चित्रे किंवा प्रत्येकी वेगळ्या नक्षीचे दागिने, यांत एक छुपा खर्च असतो. प्रत्येकाचा फोटो वेगळा, वर्णन वेगळे, किंमत वेगळी. अशा वस्तू जरूर ठेवा, पण चार-दोनच.

बाजार पाहायला सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटसारखी जागा नाही. सिडकोच्या या हाटात ठिकठिकाणचे कारागीर माल घेऊन येतात. एक दुपार काढा, वस्तू उलटी करून मागचे काम बघा, भाव विचारा, लोक कुठल्या स्टॉलपाशी थांबतात आणि हातात घेऊन परत का ठेवतात ते पाहा. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातही अधूनमधून प्रदर्शने लागतात. बघायला जायचे ते उचलेगिरीसाठी नव्हे, हे वेगळे सांगायला नको. वारलीबद्दल मात्र सांगतेच: या चित्रशैलीला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पालघर-डहाणूकडच्या आदिवासी कलाकाराकडून काम करून घेतले असेल तर त्याचे नाव लिहा. स्वतः त्या धर्तीवर काढले असेल तर "अस्सल वारली" म्हणून विकू नका.

हंगामी वस्तूंचे गणित निराळे. हलव्याचे दागिने घ्या. संक्रांत जानेवारीच्या मध्यावर, पण नव्या सुनेच्या पहिल्या सणाची आणि बाळाच्या बोरन्हाणाची चौकशी डिसेंबर लागतो न लागतो तोच सुरू होते. म्हणजे फोटो नोव्हेंबरात तयार हवेत. रथसप्तमी उलटली की मागणी संपली, आणि उरलेले संच वर्षभर सांभाळावे तर पावसाळ्यात हलव्याला पाणी सुटते. आकाशकंदील, गौरीची सजावट, रुखवत या सगळ्यांची तारीख उलटी मोजत या: सण, त्याआधी दहा दिवस पोहोचवायला, त्याआधी तुमचे तास.

पायरी २: किंमत

"घरीच तर करतेय, मजुरी कसली धरायची?" असे वाटत असेल तर दुकान उघडूच नका, छंद म्हणून करा, त्यात आनंद जास्त आहे. विकायचे असेल तर मजुरी धरावीच लागते. किती? उद्या काम वाढले आणि शेजारच्या शिवणकाम येणाऱ्या ताईंना मदतीला बोलावले, तर त्या तासाला जेवढे मागतील तेवढी. त्याहून कमी धरली तर वाढलेले काम कुणाला देताच येणार नाही.

खणाच्या पर्सचा हिशेब उदाहरणादाखल मांडते, तुमचे आकडे वेगळे असतील. खण ७० रुपये, अस्तर २०, चेन आणि रनर १५, कॅनव्हास-फ्यूजिंग-दोरा १५, टॅग ५: झाले १२५. दीड तास मजुरी, तासाला १२० प्रमाणे, १८०. वाया गेलेले कापड आणि बिघडलेले नग यांपोटी १०. बटर पेपर, कुरिअर बॅग, लेबल २५. ग्राहकाशी बोलणे, बिल, पॅकिंग यांचा अर्धा तास, ६०. एकूण ४००. यात अजून एक पैसाही नफा नाही.

ही पर्स ५५० ला लावली आणि स्वतःच्या लिंकवरून विकली, तर पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे खात्यात वळवणाऱ्या सेवेचे) साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३ रुपये जातात. हातात राहिले १३७. त्यातून एखादे पार्सल परत येणे, एखादी पर्स बदलून देणे, दिवाळीची सूट, मशीनची दुरुस्ती हे सगळे. तीच पर्स २० टक्के कमिशन घेणाऱ्या पोर्टलवर (दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारावर) टाकली तर कमिशन ११०, त्यावर जीएसटी जवळजवळ २०. उरले वीस रुपये! एक पार्सल परत आले की सात-आठ पर्सेसची कमाई त्यात जाते. म्हणून पोर्टलवर जायचेच असेल तर आधी त्याचा दरपत्रकाचा तक्ता उघडा आणि मग किंमत ठरवा. ठरलेल्या किमतीला पोर्टल निवडू नका.

आणि किंमत सगळीकडे एकच ठेवा. प्रदर्शनात ४५०, इन्स्टाग्रामवर ५५०, मावसबहिणीला ३५० असे केले की कुणीतरी कुणाला तरी सांगतेच. आपल्या माणसांना द्यायचेच असेल तर सोबत एक छोटा पाऊच भेट द्या. भाव मोडू नका.

पायरी ३: तुमच्या वस्तूला वेगळा परवाना लागतो का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमके इथेच अडकतात.

घरी केलेला साबण, लिप बाम, क्रीम ही कायद्याने सौंदर्यप्रसाधने ठरतात. ती विकण्यासाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. घरच्या ओट्यावर सुगंधी साबण करून "नैसर्गिक" म्हणून विकणारे शेकडो दिसतील. ते विकतात म्हणजे ते नियमात बसते असे नाही. परवाना नको असेल तर मेणबत्त्या किंवा साबणदाण्या करा. लाडू-चकली-मसाले विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक पाकिटावर छापायला हवा.

क्रोशाच्या बाहुल्या करणाऱ्यांनी हे नीट वाचा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. घरगुती बाहुलीसाठी प्रयोगशाळेच्या चाचण्या करून घेणे परवडणारे नाही. पण हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. ही नोंदणी म्हणजे केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे "पहचान" ओळखपत्र. बाहुल्या करणार असाल तर बाकीच्या कागदांआधी हे मिळवा. बाकीच्या कारागिरांनाही ते उपयोगी आहे, कारण याच मंत्रालयाचे "इंडिया हँडमेड" हे पोर्टल आहे.

पॅकबंद करून विकायच्या वस्तूवर काय लिहायचे तेही ठरलेले आहे. २०११ च्या वैध मापन नियमांनुसार बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग किंवा वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवे. पॅक करून विकणाऱ्याने वैध मापनशास्त्र विभागाकडे नोंदणीही करायची असते. यासाठी स्टिकर छापखान्यातून आणायला हवेत असे नाही, घरच्या प्रिंटरवर काढलेले चालतात. मात्र यात घरचा पत्ता आणि नंबर अनोळखी माणसांपर्यंत जाणार, तेव्हा धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्या. बायकांना रात्री साडेअकराला "हाय" करणारे ग्राहक कमी नसतात.

पायरी ४: नाव, उद्यम, खाते, जीएसटी

नाव छोटे ठेवा आणि इंग्रजीत ते एकाच तऱ्हेने लिहिता येईल असे बघा. "ऊर्जस्वला" नाव सुंदर, पण ग्राहक ते शोधताना दहा प्रकारे टाइप करील. इन्स्टाग्रामवर ते मोकळे आहे का, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) मिळते का, आणि ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट होणाऱ्या शोधात ते आधीच कुणी घेतले आहे का, हे तिन्ही एका बैठकीत पाहा. डोमेन लगेच घेऊन टाका. ट्रेडमार्क पहिल्या दिवशी नको. धंदा टिकतो असे दिसले की करा. व्यक्ती किंवा उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क वस्तूंच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि पूर्ण फुकट आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या आणि दीड-दोन हजार मागणाऱ्या साइट्स खासगी एजंटांच्या असतात. पत्त्याच्या शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" आहे का ते बघूनच आधार क्रमांक टाका. सोबत गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद. कामाला माणसे नसतील किंवा मोजकीच असतील तर तो परवाना राहिलेला नाही. कामगार विभागाला ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. चालू खाते उघडताना बँक व्यवसायाचे दोन पुरावे मागते, तिथे उद्यम आणि गुमास्ता ही जोडी चालून जाते. खाते वेगळे हवेच. वर्षअखेरी भाजीचे यूपीआय आणि पर्सचे यूपीआय वेगळे करत बसणे म्हणजे डोकेदुखी.

जीएसटीबद्दल ग्रुपवर सगळ्यात जास्त गोंधळ असतो, म्हणून जरा सविस्तर. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ठाण्यात बसून पुण्या-नाशिकला, थेट आपल्या लिंकवरून विकलेत तर हा नियम. पोर्टलवरून विकायचे तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना जीएसटी पोर्टलवर नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येते. राज्याबाहेर पाठवायचे म्हटले की चित्र बदलते. पोर्टलमार्फत बेंगळुरूला पर्स पाठवायची तर जीएसटी नोंदणी हवीच. थेट विक्रीत मात्र सरकारने यादी केलेल्या हस्तकला वस्तूंना राज्याबाहेरही २० लाखांपर्यंत सवलत आहे, तीही अटींसह. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडून एकदा लेखी विचारून घ्या. ही फी वाचवण्यासारखी नाही. जीएसटीचे दर जुन्या लेखांतून उचलू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच हस्तकला वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

कुंभारकाम, बुरूडकाम, शिवणकाम, बाहुल्या-खेळणी हा पिढीजात किंवा पूर्णवेळ धंदा असलेल्यांनी पीएम विश्वकर्मा योजना पाहावी; १८ व्यवसायांत हे येतात, प्रशिक्षण मिळते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. बाकीच्यांनी पहिल्या वर्षी कर्जाच्या भानगडीत पडू नये.

पायरी ५: सामान

ठाण्यात जांभळी नाक्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत लेस, बटणे, चेन, पिशव्या असे रोजचे बरेच मिळते. घाऊक म्हणजे मात्र मुंबईच: कापडाला मंगलदास मार्केट, मणी-गोंडे-दागिन्यांच्या सामानाला भुलेश्वर, गिफ्ट पेपर आणि पॅकिंगला क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट. ठाण्याहून स्लो लोकलने मशीद बंदरला उतरलात की हे सगळे चालत होते. रविवारी बरीच दुकाने बंद, तेव्हा सुट्टी टाकून आठवड्यातला दिवस काढा. पहिल्या खेपेला घाऊक भावाला भुलून ताकेच्या ताके आणू नका. बिल घ्या आणि दुकानाच्या कार्डाचा फोटो कापडाच्या तुकड्यासोबत काढून ठेवा. तोच खण पुन्हा हवा असतो तेव्हा गल्लीच आठवत नाही.

पायरी ६: फोटो आणि वर्णन

महागडा कॅमेरा नको. सकाळी दहा-अकराची, ऊन थेट न येणारी खिडकी, स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून खाली वळवलेला, आणि सावलीच्या बाजूला दुसरा पांढरा पुठ्ठा उभा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर जांभळा खण निळा दिसतो आणि तोच पुढे "रंग वेगळा आला" या तक्रारीचा जन्म.

प्रत्येक वस्तूचे पाच फोटो: समोरून, मागून, आतून, हातात धरून, आणि जवळून. आतला फोटो बहुतेक जण काढत नाहीत. पर्स घेणारी बाई आधी चेन उघडून आत बघते, अस्तर कसे लावलेय, कप्पा आहे का. मोबाइलच्या पडद्यावर तिला ते करता येत नाही, तुम्ही करून दाखवायचे. हातातला फोटो मापासाठी. "८ बाय ५ इंच" वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, पण पर्समधून डोकावणारा मोबाइल दिसला की सगळे कळते. फिल्टर अजिबात नको.

वर्णनात "प्रेमाने बनवलेले" वगैरे एका ओळीत उरका. लोकांना हवे असते ते: माप, कापड, आत काय मावते, धुवायचे कसे, किती दिवसांत निघेल. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहा, लोक दोन्हींत शोधतात.

पायरी ७: पॅकिंग आणि कुरिअर

कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांतले जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायची. ३० बाय २५ बाय १२ च्या देखण्या खोक्यात २०० ग्रॅमची पर्स घातली, तर ते पार्सल १.८ किलोचे झाले. तीच पर्स सपाट करून २० बाय १५ बाय ५ मध्ये बसवली तर ३०० ग्रॅम. म्हणून खोकी आधी आणि वस्तू नंतर असे करू नका. शक्य असेल तर पर्सच दुमडता येईल अशी बेता.

नाजूक वस्तूंची कसरत वेगळी. मातीचे कानातले असतील तर प्रत्येक नग आधी टिश्यूत, मग बबल रॅपच्या दोन वेढ्यांत, जोडीतले दोन्ही वेगवेगळे गुंडाळून. खोक्याच्या तळाशी चुरगाळलेल्या कागदाचा थर, मध्ये वस्तू, वर पुन्हा कागद. झाकण लावून कानाशी हलवा; आत काही खडखडले तर उघडून पुन्हा भरा. मग खोके कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडा, एकदा सपाट, एकदा कोपऱ्यावर. जीव खालीवर होतो, पण गोदामात त्याहून वाईट होते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली. माळ्यावर ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात, क्विलिंग फुगते, चामड्यावर बुरशी येते. खोकी लागतील तेवढीच आणा, वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पत्त्याची चिठ्ठी आतही ठेवा. बाहेरचे लेबल भिजून निघाले तर पार्सल निदान परत येते.

एकाच कुरिअरवर विसंबू नका. शिपरॉकेटसारख्या सेवांत एका ठिकाणी अनेक कंपन्यांचे दर दिसतात आणि पिकअपला माणूस येतो. सोसायटीच्या गेटवर त्याची नोंद कशी करायची ते वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर "घर बंद होते" असा शेरा मारून तो जातो. घोडबंदर रोडवर संध्याकाळचा पिकअप हमखास लांबतो, सकाळचा मागा. कोकणातल्या एखाद्या वाडीवर खासगी कुरिअर पोहोचत नाही, तिथे स्पीड पोस्टच. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झाले आहे.

आणि जवळचे ग्राहक? वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या बायका ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला कामाला येतात. स्टेशनवर हातोहात देणे स्वस्त, पण त्यासाठी आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवा. रोज एका पर्ससाठी स्टेशन गाठू लागलात तर ते तास कोण भरून देणार?

पायरी ८: कुठे विकायचे

माझा क्रम असा: आधी व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम, दोन्ही फुकट. तिथे महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी सहज सांभाळता येतात. त्याच त्या प्रश्नांची उत्तरे देऊन कंटाळलात आणि पत्ते-पैसे जुळवण्यात संध्याकाळ जाऊ लागली की स्वतःची वेबसाइट. मोठी पोर्टल्स त्याच्याही नंतर. ॲमेझॉनचा "कारीगर", फ्लिपकार्टचा "समर्थ" हे कारागिरांसाठीचे कार्यक्रम आहेत, पण तिथली गिऱ्हाइके भाव तोलून घेतात आणि शेजारी मशीनवर छापलेला खण अर्ध्या किमतीत दिसत असतो. परदेशी विकायचे मनात असेल तर आयात-निर्यात कोड लागतो, शुल्क ५०० रुपये, आणि टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे कामी येतात. तो वर्षभरानंतरचा विषय.

पायरी ९: पैसे घेताना

सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. दारात आलेले पार्सल नाकारणारे बरेच असतात, आणि जाण्यायेण्याचे भाडे तुमच्या माथी.

पैसे आले हे फक्त बँकेच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या तपशिलात पाहायचे. ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, खोटा स्क्रीनशॉट बनवायला एक मिनिट लागते. दुसरा ठरलेला डाव: "मी लष्करात आहे, युनिटसाठी पन्नास पर्सेस हव्यात, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

पायरी १०: चार नियम लिहून ठेवा

बदलून देणार का, किती दिवसांत, भाडे कुणाचे. तुटलेली वस्तू आली तर काय. नाव विणून किंवा लिहून दिलेली वस्तू परत घेणार का. हे ऑर्डरीआधी ग्राहकाला दिसायला हवे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही परतीची आणि परताव्याची माहिती दाखवावी लागते, आणि स्वतःची वेबसाइट असेल तर तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तुटल्याच्या तक्रारीसाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागा, पण सौम्य शब्दांत. "व्हिडिओ नसेल तर बोलूच नका" असे लाल अक्षरांत लिहिले की चांगले गिऱ्हाईकही बिचकते. सांगून करून द्यायच्या वस्तूला निम्मे पैसे आगाऊ, आणि रंग-माप-नावाचे स्पेलिंग लेखी. "तुम्हाला आवडेल तसे करा" म्हणणाऱ्या ग्राहकाला तीन पर्याय पाठवून एक निवडायला लावा.

पायरी ११: तालीम आणि उघडायचा दिवस

उघडण्याआधी तीन पार्सले ओळखीच्यांना पाठवा: एक पनवेलला, एक नागपूर किंवा कोल्हापूरला, एक परराज्यात. त्यांना खऱ्या ग्राहकासारखे लिंकवरून ऑर्डर करू द्या, पैसेही भरू द्या. मागाहून परत करा. पार्सल पोहोचल्यावर उघडण्याआधीच फोटो मागवा. कोपरा चेपला आहे का, लेबल वाचता येते का, किती दिवस लागले, आणि कुठल्या पायरीवर त्यांनी तुम्हाला फोन करून विचारले. जिथे विचारावे लागले तिथे लिंकवरचा मजकूर बदला.

दिवाळीच्या तोंडावर उघडू नका. कुरिअर तुंबलेले असते आणि पहिलीच चूक सणाच्या भेटीवर होते. गणपतीनंतरचा पितृपक्ष शिकायला बरा: मोठी खरेदी थांबलेली असते, बाजार शांत असतो. मुहूर्ताचे मनात येत असेल तर घटस्थापनेला नारळ फोडा, पण लिंक त्याआधी दहा दिवस ओळखीच्या गटात चालू ठेवा. मुहूर्त बघणार नसाल तर दिवस सोमवार किंवा मंगळवार असू द्या. शनिवारी रात्री उघडलेत तर रविवारी पिकअप मिळणे कठीण, आणि सोमवारी सकाळी तुम्ही ऑफिसच्या लोकलमध्ये असताना वीस जणींचे "पाठवलंत का?" येऊन पडलेले असतील.